बाईसाहेब आणि मेंदीचं कुंपण

३ मार्च, सोमवार

हिच्या कुंडीची आज हजामत केली! ही इस्पितळात जाऊन नऊ दिवस झाले. घर खायला उठतं. झाडू मारला, पडदे झटकले, भांडी पुन्हा एकदा घासली. मग खिडकीतल्या त्या ऑर्किडकडे लक्ष गेलं. ही त्याला बाईसाहेब म्हणते. साफसफाईला जायची त्या कचेरीतल्या कचऱ्याच्या डब्यातून उचलून आणलंय. चार वर्षं झाली, एक फूल नाही. पानं जाड, रबरासारखी. आणि मुळं आत राहायची सोडून कुंडीबाहेर लोंबतात. म्हाताऱ्याच्या मिशा जशा! मला बघवेना. मोठी कात्री काढली आणि जे जे बाहेर आलं होतं ते उडवलं. दोन मिनिटांचं काम. आता कसं नीटनेटकं दिसतं.

घरी आली की म्हणेल, कधी नव्हे ते एक काम केलंत!

४ मार्च, मंगळवार

मेलो.

संध्याकाळी भेटायला गेलो तर पहिलाच प्रश्न — "बाईसाहेबांचा दांडा किती वाढला?"

मी म्हटलं, कसला दांडा?

"अहो, फुलाचा! इथे यायच्या आदल्या दिवशी दिसला मला. पानाच्या बगलेतून, बोटभर. तुम्हाला मुद्दामच दाखवला नाही. म्हटलं, जरा मोठा होऊ दे."

माझ्या तोंडून निघून गेलं — "वाढतोय की."

का बोललो मी असं? कुणी गळा धरला होता?

५ मार्च, बुधवार

कचऱ्याची पिशवी उपसली. चहाच्या चोथ्यात सापडला. बाकीची मुळं रुपेरी, हा एकटा हिरवागार. टोक चपटं, पोपटाच्या चोचीसारखं. पेल्यात पाणी घालून त्यात उभा केला. उपयोग नाही हे मला कळतं. तरी केला.

मी चौथी शिकलेला माणूस. बागखात्यात चाळीस वर्षं मेंदीची कुंपणं कापली. दोन टोकांना दोन खुंट्या, मध्ये ताणून दोरी, आणि दोरीच्या वर येईल ते उडवायचं. मुकादमाने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं. तेवढ्यावर जन्म गेला. मेंदीला कापलं की एका फांदीच्या दोन होतात. जितकी कापाल तितकी दाट. हात घसरून भोक पडलं तरी महिन्या-दोन महिन्यांत बुजतं, साहेबालाही पत्ता लागत नाही. बारा महिने हिरवी. रुसवा नाही, फुगवा नाही. मला वाटलं, झाड म्हणजे असंच असतं!

या बाईसाहेबांचं तसं नाही. चार वर्षं विचार करून एक दांडा काढला. एकच.

७ मार्च, शुक्रवार

पोरगी आली होती. तिच्यासमोर डॉक्टर म्हणाले, पोटातली गाठ पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळी निघालेली नाही. पंधरा दिवसांत दुसरं केलं तर आशा आहे, नाही केलं तर दोन-तीन महिने. हे सगळं हिच्या देखतच बोलले! मग सहीचा कागद पुढे केला. हिने तो औषधाच्या बाटल्यांमागे सारला.

"एकदा चिरलंत तेवढं पुरे."

पोरगी रडली, मग ओरडली. "आई, हा निव्वळ हट्ट आहे!"

"असू दे. मला घरी ने. बाईसाहेबांचं फूल एकदा डोळ्यांनी बघते, मग झालं माझं." आणि लगेच माझ्याकडे वळून, "कळ्या धरल्या का हो?"

"तीन."

तीन! कुठून काढला हा आकडा? हसली मात्र. सिस्टरना सांगत सुटली, ऐकलंत का, तीन आल्या!

८ मार्च, शनिवार

आज चार झाल्या. जीभ झडत कशी नाही माझी.

१० मार्च, सोमवार

पेल्यातला दांडा काळा पडला.

रोपवाटिकेत गेलो. तिथला माणूस आधी पोट धरून हसला. "आजोबा, कुंपण समजलात की काय त्याला?" मग माझं तोंड बघून हसू आवरलं. म्हणाला, जगेल. कुंडीच्या आत थोडी मुळं असतील. पाणी बेतानेच घाला. पण दांडा आता पुढच्या वर्षी. तोही त्याची मर्जी असेल तर.

पुढचं वर्ष!

मग फुललेल्या कुंड्यांकडे घेऊन गेला. "पानं हुबेहूब तीच. यातली एक न्या, आजींना काय कळणार? रंग कोणता होता?"

रंग? कोणालाच ठाऊक नाही. ही सुद्धा कधी बघू शकली नाही. म्हणजे कुठलाही चालेल! पांढऱ्या फुलांची कुंडी उचलली. चार फुलं, दोन कळ्या. बसमध्ये मांडीवर धरून आणली, लहान मूल आणावं तशी.

११ मार्च, मंगळवार

कुंडी घेऊन निघालो आणि जिन्यातच खाली बसलो.

फूल बघितलं की झालं माझं. म्हणालीच आहे ती. मग मी हे काय घेऊन चाललोय? फूल बघेल, खूश होईल, आणि सुटली! आणि नाही नेलं तर? दांडाच नाही म्हणून सांगितलं तर तिला बघायला उरलं काय? ज्याच्यापायी रोज दोन घास खाते तेच काढून घ्यायचं? म्हणजे कसंही केलं तरी मारणार मीच.

वरच्या मजल्यावरचा शिंपी उतरत होता. "काय आजोबा, लग्नाला निघालात का?" मी हो म्हटलं! आजकाल कुणालाही काहीही सांगतो.

परत वर आलो. पोरीचा फोन. "बाबा, तुम्ही सांगा ना तिला सही करायला. तुमचं ऐकेल." माझं! माझं कधी ऐकलंय तिने?

भेटायला गेलोच नाही आज. पहिल्यांदाच.

१३ मार्च, गुरुवार

पांढरी कुंडी शेजारणीला देऊन टाकली. नाही राहवलं. इस्पितळात गेलो आणि उभ्यानेच बोललो. दांडा नाही. कळ्या नाहीत. मी कापला. तुझ्या माघारी दुसऱ्याच आठवड्यात कापला. आता पुढच्या वर्षीपर्यंत काही येणार नाही.

हिने उशीवरून मान उचलली. मग — "मुळंसुद्धा?"

"मुळंसुद्धा."

"सगळी?"

"बाहेर होती तेवढी."

"अहो, त्यांनीच तर ते पाणी पितं!"

एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "चाळीस वर्षं सरकारी झुडपं कापून भागलं नाही का तुमचं? घरातलं एक झाड दिसलं की लगेच हात शिवशिवतात! आणि वर मला कळ्या मोजून सांगता!" धाप लागली तिला. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

सिस्टर म्हणाल्या, आजोबा, तुम्ही आता जा.

१४ मार्च, शुक्रवार

जेवली नाही. माझ्याशी अक्षर बोलली नाही. तासभर तिच्या पाठीकडे बघत बसलो. पाठ किती लहान झालीय. कुणाला सांगायचं हे? सांगायलाच नको होतं. पांढरी फुलं नेली असती तर निदान हसली तरी असती. चाळीस वर्षं मागेपुढे न बघता कात्रीच चालवली मी. शाळेतही तेच म्हणायचे — याला आधी विचार कर म्हणून कुणी शिकवलंच नाही!

उद्या कुठल्या तोंडाने जाऊ?

१५ मार्च, शनिवार

सकाळी पोरीचा फोन. हिने सही केली. कागद स्वतः मागून घेतला!

मला निरोप आहे, शब्द न् शब्द तसाच पोहोचवायला सांगितलाय — "बाईसाहेबांना त्या माणसाच्या हाती वर्षभर सोडलं तर त्यांचं एक पान शिल्लक राहायचं नाही. म्हणावं, मी येईपर्यंत हात लावू नका."

ऑपरेशन मंगळवारी.