वानवळा आणि विजेचे खांब

१९ नोव्हेंबर १९५४, अंबरनाथ

नवं भात घरात आलं. हळवं झोडून झालं, गरवं अजून शेतात उभं आहे. सासूबाईंनी पहिली मूठ देवापुढे ठेवली, मग शेजारीपाजारी वानवळा पाठवला. त्यांचा नियम आहे: नवं धान्य आधी चार घरी जायचं, मग आपल्या ताटात यायचं.

दुपारी विजेच्या खात्याचे ओव्हरसियर आले. फीत लावून गल्ली मोजली, नकाशावर खूण केली. सासूबाईंनी त्यांना मागच्या पडवीत नेऊन खोकं दाखवलं. आत हलर आहे, भात भरडायची गिरणी. कल्याणला एक गिरणी बंद पडली तेव्हा ह्यांनी ती पगारातून हप्त्याहप्त्याने घेतली आणि स्वतः खोक्यात भरली. गल्लीत वीज आली की चालू करायची म्हणून खोकं उघडलंच नाही. मग मुदतीच्या तापात हेच गेले. तेव्हापासून सासूबाई त्या खोक्यावर बसून डाळ निवडतात.

साहेब म्हणाले, "वर्षाच्या आत चालू होईल, आजी."  सासूबाई उठल्या आणि पाटीभर नवे तांदूळ साहेबांच्या सायकलला बांधून दिले. ते नको नको म्हणत होते. मलाही भरून आलं. लेकाचं राहिलेलं काम एक परका माणूस पुढे नेतो आहे, त्याला काय द्यावं आणि किती द्यावं.

८ जानेवारी १९५५

टोपणदास घरी आले. उल्हासनगरला बराकीत राहतात, डोक्यावर डबा घेऊन बिस्किटं विकतात. सिंधमध्ये घरची भाताची गिरणी होती. ती तिथेच राहिली. आमच्याकडे हलर पडून आहे असं कोणाकडून तरी ऐकलं.

"अदी, मशीन तुमचं, मेहनत माझी. आधा-आधा."

अदी म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण. वडिलांच्या वयाचा माणूस मला थोरली म्हणतो. विचार करून सांगते म्हटलं. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "विचार कसला करतेस? खोक्याला हात लावायच्या आधी त्याने वहाणा काढल्या. मी बघितलं."

हो म्हणून निरोप पाठवला.

२ मार्च

खांब आले. लॉरीतून उतरवून गल्लीच्या कडेला आडवे टाकले आहेत. सासूबाईंनी एकेका खांबाला हळदकुंकू लावलं. समोरची पुतळाबाई त्यावर बसून वाल सोलत होती, ती उठेना. म्हणाली, "मलापण लाव कुंकू, मीपण कधीची आडवीच आहे."

संध्याकाळी सासूबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मिठाच्या पुड्यांचे कागद वाचत मी अक्षर शिकले, आता वाचनालयाचे मास्तर आदल्या दिवशीचा अंक आपणहून देतात. किती उपकार. पंचवार्षिक योजनेबद्दल होतं: गावोगाव लहान उद्योग, बायकांना घराजवळ काम वगैरे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "योजना स्टेशनावरून इकडे वळते ना गो, की सरळ जाते?"

२१ एप्रिल

आज सकाळी खांब उचलून नेले. मला वाटलं उभे करायला. पण ते वीटभट्टीवाल्या शेटजींच्या नव्या बंगल्याकडे गेले. तिथे ना गिरणी ना कारखाना. पंखा आणि रेडिओ.

वायरमन पाणी प्यायला आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, आम्हाला काय, साहेब बोट दाखवतील तिथे खड्डा."

"पण नकाशावर आमची गल्ली होती."

"शेटजींकडून गोणी गेल्या. तुमच्याकडून गेली एक पाटी."

मला समजेना. मग त्याने सांगितलं. साहेब सगळ्या वस्तीत म्हणतात की अंबरनाथच्या आजींनी आपणहून तांदूळ दिले, मग तुम्हाला काय झालं? त्यावरून ज्याने त्याने आपापलं ठरवलं. कोणी गोणी, कोणी तुपाचा डबा, कोणी पाकीट. आता तो रिवाजच झाला आहे.

माणूस भला. तांब्या विसळून पालथा घालून गेला. सासूबाईंना यातलं काही सांगितलं नाही. खांब पुन्हा येतील म्हटलं.

१४ जून

साहेबांचा शिपाई रिकामी गोणी घेऊन दारात. "साहेबांनी विचारलंय, आजी, यंदा काय देणार?"

सासूबाई म्हणाल्या, "अरे, पेरणी तर होऊ दे."

तो हसला, गोणी पडवीत टाकून गेला. सासूबाई त्या गोणीकडे बघत बसल्या. मग मला हाक मारली आणि खरं काय ते विचारलं. सांगावं लागलं.

त्यांनी गोणी उचलून झटकली. नंतर, "मी दिला तो वानवळा होता गो."

"हो."

"मग त्याला तो कळला कसा नाही? त्याच्या घरी कोणी देत नसेल?"

जेवल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही.

७ ऑगस्ट

टोपणदास आले ते ओलेचिंब, आणि चेहरा पडलेला. त्यांच्या शेजारच्या बराकीतला बटणं करणारा सामान बांधून मुंबईला गेला. त्याला मशीनला वीज हवी होती, वर्षभर खेपा घातल्या. त्याच्याकडे पाच-सहा बायका बटणं निवडायला जायच्या. त्या परत घरी.

"अदी, दे दो. सब देते हैं. मी निम्मं घालतो."

मी म्हटलं, "यंदा देऊ. पुढच्या वर्षी मीटरला देऊ. त्याच्या पुढच्या वर्षी तार तुटेल, तेव्हा देऊ. हे पैसे कुठून काढायचे? पुतळाबाईच्या भातातूनच ना? तिची भरडाई वाढवायची आणि साहेबांना पोसायचं."

"तुम्ही सोचते बहुत."

"तुम्ही गिरणी चालवलीय. तुम्ही सांगा, चुकतं आहे का?"

ते चहा ढवळत राहिले.  पिंपरीला त्यांचा भाऊ आहे, तिथल्या गिरणीत काम मिळतंय. दिवाळीपर्यंत वाट बघणार. ते गेले तर हलर चालवायला मला कोणी नाही, विकावाच लागेल. हे मी बोलले नाही, त्यांनाही ठाऊक आहे.

जाताना बिस्किटांची पुडी सासूबाईंच्या हातात. इतक्या अडचणीत असूनही कधी रिकाम्या हाताने आले नाहीत.

२५ सप्टेंबर

उरलेलं जुनं भात भरडायला कल्याणला. गाडीवाल्या सखारामने पुतळाबाईचं आणि आमचं एकाच फेरीत नेलं, वेगळं भाडं घेतलं नाही.

तिथला गिरणीवाला कोंडा ठेवून घेतो, कणीही बरीचशी तिथेच राहते. म्हणजे भात आमचं, पण म्हैस त्याची पोसली जाते. पुतळाबाई वाटेत म्हणाली, "तुझी गिरणी असती तर कोंडा माझ्या म्हशीने खाल्ला असता, दूध तुझ्या सासूने प्यायलं असतं, आणि ती मला शिव्या घालायला आणखी वीस वर्षं जगली असती." सखाराम इतका हसला की बैल थांबले.

खरं आहे पण. एक खांब वळला तर काय काय वळतं. कोंडा कल्याणला, बटणवाला मुंबईला, टोपणदास पिंपरीला. वर्तमानपत्रात हे कुठल्या पानावर येतं ते अजून सापडलेलं नाही.

३१ ऑक्टोबर

नव्याची पुनव. मागच्या पडवीच्या दाराला भाताच्या लोंब्या आणि झेंडूचं तोरण, आमच्याकडे त्याला नवं म्हणतात, बांधलं. हे असताना स्टुलावर चढून तेच बांधायचे. आता माझा हात पोचतो, कारण मी खोक्यावर चढते. चढले की तळव्यांना लाकूड लागतं आणि वाटतं, आत काहीतरी आहे अजून.

रडले नाही. बरं वाटलं उलट. ह्यांनी मागे ठेवलं ते उभं राहण्याजोगं ठेवलं.

सासूबाई दिवसभर कसल्या तरी विचारात. जेवताना म्हणाल्या, "चूक कुठे झाली माहीत आहे? त्याला एकट्याला दिला. वानवळा कधी एकाला देतात का?"

मी म्हटलं, गेल्या वर्षी सगळ्या शेजाऱ्यांनाही दिला होता.

"शेजाऱ्यांना दिला. कचेरीत कोणाला दिला?"

२१ नोव्हेंबर

आज कल्याणला कचेरीत गेलो. सासूबाई, मी, पुतळाबाई, गल्लीतल्या आणखी तिघी. सगळ्यांच्या घरचे नवे तांदूळ एकत्र करून पुड्या बांधल्या होत्या, सगळ्या सारख्या. कागद मास्तरांच्या जुन्या वर्तमानपत्रांचे. मी वाटेत म्हटलं, हाकलून देतील. सासूबाई म्हणाल्या, "वानवळा घेऊन आलेल्या बाईला कोण हाकलतो?"

त्या दारातूनच सुरू झाल्या. पट्टेवाल्याला एक. टंकलेखकाला एक. बाकावर तिष्ठत बसलेल्या सगळ्यांना एकेक. एक पागोटेवाले गृहस्थ बिचकले, "हे कशाबद्दल, आजी?"

"कशाबद्दल नाही. नवं भात आलं म्हणून."

"पण आपली ओळख नाही."

"आता झाली."

कचेरीतला टाइपराइटर थांबला. ओव्हरसियर साहेब आतून आले. सासूबाईंना बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. हळू आवाजात म्हणाले, "आजी, हे इथे कशाला? घरी पाठवायचं."

सासूबाई नेहमीच्याच आवाजात बोलल्या, त्यांचा नेहमीचा आवाज मोठाच आहे. "घरी कशाला? गेल्या साली तुम्हाला एकट्याला दिला, ते माझं चुकलं. वानवळा सगळ्यांना सारखा. हा तुमचा." आणि पट्टेवाल्याला दिली तेवढीच पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. शिपायाची रिकामी गोणीही नीट घडी करून त्याच्याशेजारी. "ही तुमची राहिली होती आमच्याकडे."

बाकावर कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी. साहेब पुडी उचलेनात आणि सारेनातही.

हेडक्लार्क म्हातारे आहेत, जाड भिंगांचे. त्यांनी आपली पुडी कपाळाला लावली. "आमची आई असंच करायची. पाच-सहा वर्षं झाली, कोणी आणून दिलं नव्हतं." मग विचारलं, "राहता कुठे?" मी सांगितलं. त्यांनी नकाशा काढायला लावला, टेबलावर पसरला, बोट ठेवलं. "इथे तर लाइन दाखवली आहे. चालू नाही?"

 माझ्या तोंडून निघालं, "खांब वीटभट्टीवाल्या शेटजींकडे गेले."

त्यांनी चष्मा काढून पुसला. साहेबांकडे बघितलं नाही. नकाशा गुंडाळून कपाटात न ठेवता स्वतःच्या टेबलावर ठेवला. एवढंच झालं. काही कबूल केलं नाही, आम्हीही मागितलं नाही. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, आज काही मागायचं नाही, मागितलं तर तो वानवळा राहत नाही.

 परत येताना पुतळाबाई म्हणाली, "आता तुझ्या सासूला वीस वर्षं नकोत. एवढ्यावर भागलं."

२२ नोव्हेंबर

टोपणदासना सगळं सांगितलं. आधी कपाळाला हात लावला. "अदी, ऑफिसरला सगळ्यांसमोर? आता पोल सोडा, गल्लीतला कंदीलपण नेईल." मग हसू लागले, डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांच्या गावी नवा तांदूळ निघाला की पहिलं पोतं दर्ग्याच्या दारात सोडायचे, ज्याला हवा त्याने न्यावा, असं त्यांनी आज प्रथमच सांगितलं. इतक्या महिन्यांत गावाबद्दल कधी बोलले नव्हते.

भावाला होळीपर्यंत येत नाही म्हणून कळवतो म्हणाले. त्याच्या पुढचं काही सांगितलं नाही.

होळीपर्यंत तर होळीपर्यंत. हेही थोडं नाही.

९ डिसेंबर

सकाळी तोच वायरमन दोन माणसं घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणला. मी ताक नेलं. "कोणी सांगितलं?" तर म्हणाला, "वरून कागद आला. कोणाचा ते मला ठाऊक नाही. साहेब रजेवर आहेत."

"खांब कधी?"

"खड्ड्याचा कागद आला, वहिनी. खांबाचा यायचाय."

शेटजींचा मुनीम येऊन उभा राहिला, खड्डा बघून गेला. त्याचं काय ते कळेलच.

दिवसभर गल्ली खड्ड्याभोवती. पुतळाबाईचं वासरू आत पाय घालता घालता वाचलं. रात्रभर असा उघडा कसा ठेवायचा? झाकायला पुरेशी फळी कोणाकडेच नाही. सासूबाईंनी मागच्या पडवीकडे बघितलं. मग उठून खोक्यावरचं डाळीचं सूप बाजूला ठेवलं.

संध्याकाळी आलेल्या टोपणदासनी पहारीने खोक्याचं झाकण काढलं. खिळे गंजलेले, वेळ लागला. हलरवर गवत अंथरलेलं, पट्टा ह्यांच्या कारखान्याच्या सदऱ्यात गुंडाळलेला. मला माहीत नव्हतं त्यांनी तो सदरा त्यात घातला होता, मी तेव्हा तो शोधून शोधून कंटाळले होते. तेलाचा वास अजून आहे. धुणार नाही.

टोपणदासनी चाक हाताने फिरवून बघितलं. आधी हललं नाही, मग थोडं हललं. "ग्रीस लागेल, अदी. बाकी ठीक."

झाकण आता खड्ड्यावर आहे, वर दोन दगड. सासूबाई विचारतात, उद्यापासून डाळ निवडायला कुठे बसू.