पाच वर्षांनी बापाचं वय

३ सप्टेंबर १९८६

शिसारी आली! पुन्हा तेच — 'वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, पाच वर्षांनी अडीचपट होईल.' अरे, मग बापालाच विचार ना! पुस्तक मिटून फळीवर टाकलं.

मार्चमध्ये गणितातच गेले. दोन मार्कांनी. बाकीचे विषय सुटले. बालवाडीत मी मदतनीस — मुलांची नाकं पुसते, खिचडी वाढते. दिवाळीनंतर बाईची जागा भरणार आहेत. दहावी पास पाहिजे. ऑक्टोबरचा पेपर गेला तर जागाही गेली.

५ सप्टेंबर

ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांची राख ग्राफपेपरवर. पुसली तर काळा फराटा. तेवढ्यात जाऊबाई दारात — "काऊन वं रुखमा, गवसला का तुले तुहा एक्स?"

"तुमच्याच पदराखाली असन, कमलाबाई. झटकून पाहा."

खरंच झटकला पदर! हसू आलं. मग पुन्हा तो फराटा दिसला.

९ सप्टेंबर

शफीभाई टेलरची नजमा शिकवायला येते. कॉलेजात आहे. आज सरासरी. पुस्तकातल्या गावात घरटी साडेचार माणसं. मी विचारलं, अर्धं कोण?

"काकू, ते हिशोबापुरतं असते. खरं नसते."

नसतं कसं? हळद लावायच्या वेळी जिला मागं सरकवतात, ती कोण मग? बोलले नाही. पोर चांगली आहे.

१४ सप्टेंबर

ते तिप्पट-अडीचपट शेवटी सोडवलं. उत्तर — मुलगा पंचवीसचा, बाप पंचाहत्तरचा. जाऊबाई म्हणाल्या, "पन्नाशीत लेकरू! म्हातारा दमाचा होता वं!" नजमा हसून हसून लोळली. मग वही पाहिली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"काकू, पोराच्या वयात पाच मिळवले. बापाच्या नाई मिळवले."

"बापाच्या कशाले?"

"पाच साल दोघायचे जातेत ना!"

हातानं आपोआप तसं लिहिलं होतं. आमच्या घरातलं वय तसंच चालतं. कावीळ होऊन हे गेले तेव्हा तीसचे होते. सहा वर्षं झाली. आजही तीसचेच. पुस्तकातले बाप मात्र बिनघोर म्हातारे होत राहतात. किळस येते त्यांची!

नजमाला कळलं असावं. "चाय ठेवू का काकू?" म्हणून उठली. साखर जास्त पडली.

२२ सप्टेंबर

ग्राफ. आडवी वर्षं, उभं वय. नजमानं बापाची रेषा काढली, लेकाची काढली. दोन्ही सारख्याच चढतात. "ह्या कधीच मिळत नाई काकू. जन्माचं अंतर राहतेच. समांतर." किती खात्रीनं सांगते! एकोणीस वर्षांची आहे.

मी म्हटलं, वयाची गणितं सोडून देते, बाकी सगळं करते.

"मागच्या बारीले तेच सोडलं ना तुम्ही? म्हणून तर गेलं!"

खरं आहे.

१ ऑक्टोबर

बापाच्या वयात पाच मिळवायचे. मिळवायचे. तरी हात थांबतो.

११ ऑक्टोबर

पेपर सोळा तारखेला. चांद्याच्या धम्मदीक्षेचा दिवस! छप्पन साली त्याच दिवशी मी जन्मले. आई सांगायची — सगळी वस्ती चांद्याला दीक्षा घ्यायला गेली, सुईणसुद्धा! मागं राहिलेल्या सोमारीबुढीनं सोडवलं आईला. म्हणून माझी तारीख पक्की. वस्तीतल्या बाकीच्यांना मास्तरनं एक जून चिकटवला. हे चिडवायचे — "सहा वर्सांनी लहान हायेस तू. मोठ्या माणसाचं आयकत जाय."

१६ ऑक्टोबर

वयाचं गणित आलंच. बापाच्या वयात पाच मिळवले. मुकाट्यानं. ताळा जमला. पास होईन.

घरी येऊन उरलेल्या ग्राफपेपरवर आमच्या दोघांच्या रेषा काढल्या. यांची ऐंशी सालापर्यंत चढली, मग तीसवर आडवी. माझी खालून चढत गेली. आज मिळाल्या.

उद्यापासून मी मोठी.