नऊ खुर्च्या आणि एक परीक्षक

४ डिसेंबर २०२०
सरकारचं आयुष्यात पहिल्यांदा पटलं. साथीमुळे यंदा नाताळला एका टेबलावर दहाच माणसं. ज्याने त्याने आपापली दहा निवडायची, त्याला बबल म्हणायचं, आणि बाकीच्यांना लांबून हात करायचा. सहा वर्षांच्या आतली पोरं मोजायची नाहीत.

दर वर्षी स्वालाकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे, वीस-पंचवीस माणसं जमतात आणि मला, जन्मदात्या बापाला, फ्रिजशेजारी कॅम्पिंगच्या खुर्चीवर बसवतात. यंदा ते बंद. यंदा नाताळ माझ्याकडे. माझं टेबल ओढून लांब केलं की बरोब्बर दहा जण बसतात. मी धरून दहा, म्हणजे नऊ खुर्च्या. निवड मी करणार. जन्मभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्यात, निम्मं हाफनारफ्योर्ड गाव माझ्या हातून एकदा तरी नापास झालंय. माणूस पारखणं मला कुणी शिकवू नये.

फोन चार्ज करून ठेवला. बातमी ऐकून सगळे वशिला लावायला बघतील.

संध्याकाळी: एकही फोन नाही. घाबरलेत.

६ डिसेंबर, रविवार
निवड सुरू. स्वाला पास, पोटची पोर आहे, इलाज नाही. नात लोआ हिला गेल्याच महिन्यात सहा पूर्ण झाली, त्यामुळे माणसांत मोजावी लागते. जरा उशिरा जन्मली असती तर एक खुर्ची वाचली असती. असो, काठावर पास. जावई ओट्टार नापास. गाडी दोन जागांच्या मध्ये लावतो. शिवाय मला नुसतं ‘स्काफ्ती’ म्हणतो. आमच्या देशात सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारतात हे मान्य, पण याच्या हाक मारण्यात काहीतरी आहे.

स्वालाला फोन करून निकाल कळवला. म्हणाली, बाबा, नाताळला नवऱ्याला घरी ठेवून या असं सांगताय मला? मी म्हटलं, त्याला डबा पाठवू की. तिने फोन ठेवला. विचाराला वेळ हवा असणार.

धाकटी बहीण उन्नुर म्हणाली, दादा, तुझ्या टेबलावर बसण्यापेक्षा मी बसस्टॉपवर जेवेन. पहिल्यापासून विनोदी. तात्पुरती पास. तिचा नवरा आणि दोन मुलगे वेटिंगवर.

१२ डिसेंबर
गोष्टीतल्या, डोंगरात राहणाऱ्या तेरा टवाळ भावांपैकी पहिला काल रात्री गावात उतरला; आता नाताळपर्यंत रोज एक. पोरं खिडकीत बूट ठेवतात, शहाण्या पोराला खाऊ मिळतो, वाह्यात पोराला कच्चा बटाटा. लोआने एक बूट हट्टाने माझ्याही खिडकीत ठेवायला दिला होता. देताना म्हणाली होती की आजोबांच्या घराला म्हाताऱ्याचा वास येतो. म्हणून बटाटा. कोंब आलेला मुद्दाम शोधून घातला.

सकाळी मायलेकी बूट न्यायला आल्या. जिन्यातच उभ्या राहिल्या, तोंडाला मास्क. लोआने असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरचा येन्स बाहेर आला. स्वाला म्हणाली, बाबा, वर्षभर पोरीचं पोहणं बंद, वाढदिवस बंद, तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि तुम्ही तिला बटाटा दिलात? मी म्हटलं, जातिवंत बटाटा आहे, उकडून खा. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं.

पोर मोठी झाली की आभार मानेल.

१३ डिसेंबर, रविवार
नक्षीपोळीचा दिवस. पातळ पोळी लाटायची, सुरीने पानांची नक्षी कापायची आणि चरबीत तळायची. दर वर्षी उन्नुरच्या स्वयंपाकघरात अख्खं खानदान जमतं. यंदा तिने कळवलं, दादा, जमणं रद्द, ज्याने त्याने आपल्या घरी करायचं. जबाबदार बाई.

मी एकट्याने केल्या. नक्षी उत्तम उतरली होती, तळताना पोळीच काळी पडली. स्मोक अलार्म वाजला. येन्स दाराबाहेरून ओरडला, काका, जिवंत आहात ना? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त.

दुपारी उन्नुरच्या धाकट्याने चुकून मला एक फोटो पाठवला आणि लगेच पुसला. मी आधीच पाहिला होता. उन्नुरचं स्वयंपाकघर. उन्नुर, नवरा, पोरं, स्वाला, लोआ, ओट्टार, ओट्टारची आई. सगळ्यांच्या हातात सुऱ्या, सगळे हसतायत. जुना फोटो असणार. ओट्टारच्या हनुवटीला मास्क होता खरा, पण मास्क पूर्वीही मिळायचे. भिंती रंगवायला वापरतात.

१६ डिसेंबर
निकष थोडे शिथिल केले. ओट्टारची फेरपरीक्षा घेतली (तो हजर नव्हता), पास. त्याच्या आईलाही घेतलं. बाई जेवताना मचमच आवाज करते, पण मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसेन. वेटिंगवरचे सगळे आत. तरी एक खुर्ची उरते. येन्सला? बघू. एवढं खाली उतरायची वेळ अजून आलेली नाही.

आमचा नाताळ चोवीसच्या संध्याकाळी सहाला चर्चच्या घंटेबरोबर सुरू होतो. सगळ्यांना मेसेज: ‘अभिनंदन. चोवीस तारखेला संध्याकाळी साडेपाचला हजर राहणे. सहाच्या घंटेनंतर येणाऱ्यास प्रवेश नाही.’

१७ डिसेंबर
उत्तर कुणाचंच नाही. आनंदाने शब्द सुचत नसतील. मॉलमध्ये जाऊन नऊ नॅपकिन आणले. तुडुंब गर्दी. चष्म्यावर वाफ येते म्हणून मास्क हनुवटीला होता. एक पोरगा म्हणाला, आजोबा, नाक झाका. त्याला तिथल्या तिथे नापास केलं.

१९ डिसेंबर
स्वालाचा फोन. बाबा, नीट ऐका. चोवीसला आम्ही आमच्याच घरी आहोत. तुमच्यासाठी धुरावलेलं मटण, बटाट्याचं पांढरं सार आणि लाल कोबीचा डबा दारात ठेवून जाऊ. मी म्हटलं, उत्तम, दहा माणसांचा आणा.  ती म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच कळत नाही की वेड पांघरलंय? मी म्हटलं, साराला साखर बेताची.

जेवण तिकडून येणार हे ठरलं. मोठं काम झालं.

२१ डिसेंबर
बारीक खोकला. अंग ठणकतंय. हीटरचा दोष. टेबल ओढून लांब केलं, दमलो, त्याच्यावरच डोकं ठेवून झोपलो. उठलो तेव्हा बाहेर अंधार होता. या दिवसांत इथे दुपारी चारपासून सकाळी अकरापर्यंत अंधारच असतो, त्यामुळे किती झोपलो ते कळलं नाही.

नऊ खुर्च्या मांडल्या. घर भरल्यासारखं वाटलं. इथे वाचणारं कुणी नाही म्हणून लिहितो: यावेत सगळे. ओट्टारसुद्धा. गाडी आडवी लावली तरी चालेल.

२२ डिसेंबर
युक्ती सुचली. उद्या तेवीस, सडक्या पाकटीचा दिवस. आमचं घराणं मूळचं पश्चिमेच्या फ्योर्डांतलं, डोंगरांत शिरलेल्या खाड्यांकाठचं. पाकट मासा महिनाभर कुजवायचा आणि नाताळच्या आदल्या दिवशी उकडून खायचा. चांगल्या पाकटीच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं, कपडे बाल्कनीत टाकावे लागतात, आणि लहानपण आठवतं. उन्नुरच्या घरी नवरा शिजवू देत नाही. स्वालाकडे ओट्टार नाकाने कांदे सोलतो. म्हणजे शहरात अस्सल पाकट फक्त माझ्याकडे. सगळ्यांना कळवलं: ‘उद्या दुपारी पाकट. सोबत उकडलेले बटाटे.’

आता बघू कोण घरी राहतं.

स्वालाने फक्त ‘डबा उद्याच आणून देते’ एवढं लिहिलं. उद्याच! एक दिवससुद्धा थांबवेना.

२३ डिसेंबर, दुपारी
फसवणूक! पाकट उकळायला ठेवली, झाकण काढलं, नाक जवळजवळ पातेल्यात घातलं. वास नाही. नावालासुद्धा नाही. चाखली, तर ओला कापूस.

तडक मासेवालीकडे. बाई काचेमागे उभी. मी म्हटलं, ही पाकट आहे की पुठ्ठा? ती म्हणाली, आजोबा, तुमच्या कोटाला जो वास येतोय त्याने माझे डोळे चुरचुरायला लागलेत. वर हे धंदेवाले असं बोलतात. मी म्हटलं, दुकानातली सर्वांत जहाल काढ. ती म्हणाली, ती आम्ही फक्त पैज लावणाऱ्या खलाशांना देतो. मी म्हटलं, दे.

दुपारीच, थोड्या वेळाने
जहाल पाकटही भिकार. तिचं घोटभर पाणी पिऊन पाहिलं. नुसतं गरम. हल्ली कशात राम राहिला नाही.

जिन्यात मात्र शेजाऱ्यांचं नाटक सुरू. तळमजल्यावरची बाई कुत्र्याला उचलून बाहेर पळाली. येन्स नाकावर टॉवेल धरून दाराआडून ओरडत होता, काका, तुमच्याकडे काय मेलंय? मी म्हटलं, काही नाही, यंदा पाकटीला वासच नाही. तो म्हणाला, काय?

आणि तेवढ्यात स्वाला आली! हातात डबा, तोंडाला मास्क, मागे लोआ. मी दार सताड उघडलं, म्हटलं, या, सगळं मांडून ठेवलंय. ती वरच्या पायरीवर थबकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला भरून आलं. म्हटलं, रडू नकोस पोरी, मासा बनावट निघालाय, अजिबात वास नाही, पण आपण गोड मानून घेऊ. ती हळूच म्हणाली, बाबा, वास येत नाही तुम्हाला? अजिबात? मी म्हटलं, कणभर नाही.

तिने डबा पायरीवर ठेवला, लोआला उचललं आणि उलट्या पावलांनी जिना उतरली. गाडीतून फोन केला: बाबा, दार लावा, कुणाला भेटू नका, उद्या सकाळी टेस्टला जा, मी नंबर लावते.

आधी आतून सगळं बघायला तरी हवं होतं तिने. नॅपकिनना घड्या घातल्या होत्या.

२४ डिसेंबर, दुपारी
टेस्ट झाली. गाड्यांची रांग, एकालाही क्लच कळत नाही. घरी येतो तोवर निकाल: पॉझिटिव्ह. मशीन जुनं असणार.

मग साथीचा माग काढणाऱ्या पोलीस पथकाचा फोन. बाई होती, मऊ आवाजाची. म्हणाली, गेल्या चार-पाच दिवसांत तुम्ही कुणाजवळ बसलात, कुणाबरोबर जेवलात? नावं सांगा म्हणजे त्यांना सावध करता येईल. मी म्हटलं, पुष्कळ. म्हणाली, हं, सांगा. मासेवाली सांगितली. ती काचेमागे होती, धरत नाही. येन्स सांगितला. दाराआडून, धरत नाही. स्वाला सांगितली. जिन्यात, मास्क लावून, घटकाभर, धरत नाही. मग ती म्हणाली, म्हणजे कोणीच नाही का हो?

त्या ‘का हो’मध्ये दया होती. पोलिसांची दया मी खपवून घेत नाही. मी म्हटलं, कोणीच नाही कसं? बावीस तारखेला माझ्याकडे मोठी पार्टी झाली, माणसं हलायला तयार नव्हती. आणि नऊ नावं सांगितली. येन्ससकट.

२४ डिसेंबर, संध्याकाळी
फोनला उसंत नाही. सगळ्यांना मी आठवलो बघा!

उन्नुर: दादा, मटण टेबलावर, पोरं इस्त्रीचे कपडे घालून बसलीत, आणि पोलीस सांगतात वेगवेगळ्या खोल्यांत दारं लावून बसा. तुझ्या घरी मी शेवटची कधी आले सांग? आईला पुरलं त्या दिवशी! ओट्टारने आज पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली नाही. जी हाक मारली ती लिहिण्यासारखी नाही. येन्सने फोन केला नाही, वरून जमीन बडवली.

सहाला थोडा वेळ असताना पोलीसबाई पुन्हा. म्हणाली, नऊच्या नऊ जण शपथेवर सांगतायत की ते तुमच्याकडे आलेच नव्हते. खोट्या माहितीला दंड आहे, पण सणाचा दिवस आहे, जाऊ द्या. सगळ्यांना मोकळं केलंय, आता जेवायला बसतील. मी विचारलं, मग माझ्या नावापुढे काय लिहिलंत? म्हणाली, संपर्क: शून्य.

शेवटी स्वाला. एकच वाक्य बोलली: पुढचे थोडे दिवस मला फोन करू नका, बाबा. मागून लोआ विचारत होती, आई, आजोबा मरणार का? स्वाला म्हणाली, नाही गं, ते फक्त खोटं बोलले. लोआ म्हणाली, मग आपण जेवायचं का?

रेडिओवर घंटा झाली. टेबलाला बसलो. डब्यात एकाच माणसाचं जेवण होतं. चव कसलीच लागली नाही.

२५ डिसेंबर
ताप आहे. सकाळी हॉस्पिटलातून एका नर्सचा फोन. घरी अडकलेल्या पेशंटला ते बरा होईपर्यंत रोज एकदा फोन करतात म्हणे. श्वास कसा आहे, जेवलात का, रात्री झोप लागली का. तीनही प्रश्न नीट विचारले तिने. मी म्हटलं, बाई, रोज करायची काही गरज नाही, नाताळचे दिवस, माझ्याकडे सारखे फोन चालू असतात, लाइन मिळणार नाही तुम्हाला. ती म्हणाली, बरं, मग एक दिवसाआड करू का?

मी म्हटलं, नको, नियम आहे तर रोजच करा.

उद्या दहाच्या सुमारास करेल. नऊपासून लाइन मोकळी ठेवणार.