हात न लावता मोजायचं

३ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली! खाली गोदाम, वर मी. काम राजेशाही : विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांना मीटरचे दोन चिमटे लावायचे आणि गळती बघायची. माल खणखणीत असेल तर रोध एवढा मोठा, की हातातला मीटर हात टेकतो. आकड्याऐवजी ‘ओएल’ दाखवतो. पथ्य एकच, चिमट्यांना बोटं लावायची नाहीत. लावली तर मालाचं नाही, आपल्याच अंगाचं माप येतं. हे मी भंगाराच्या दुकानात शिकलो, शाळेत नव्हे.

आधीच्या तपासनिसाच्या चपला अजून दारात आहेत. राखणदार म्हणाला, माणूस सांगून गेला नाही. म्हटलं, अनवाणी का होईना, सुटला! लेक रविवारी भेटायला येणार आहे.

५, बुधवार

राखणदार फाटकावर. इथे बोलायला भिंती. दुपारी एका कोऱ्या इन्सुलेटरवर ‘ओएल’ऐवजी पाच मेगाओहम रोध आला. पुसला, पंख्याखाली वाळवला, तरी पाच. मग चिमटे काढून नुसते हवेत लोंबते सोडले. तरी पाच! आकडा किंचित हलत होता, चिमटे कुणी बोटांत धरल्यासारखा. माझे कान तिखट. श्वास ऐकू आला.

खरं सांगू? बरं वाटलं.

६, गुरुवार

गंमत म्हणून मीही बोटं लावली. बायको गेल्यापासून कुणाचा हात हातात आला नव्हता. बराच वेळ धरून बसलो. सोडलं तेव्हा त्याचे पाचाचे चार झाले होते.

७, शुक्रवार

पुन्हा धरलं. राहवत नाही. तो आता दोनवर. दुसऱ्या मीटरवर माझं एकट्याचं माप घेतलं. नेहमी दोन यायचे, आज तीस. त्याचा आकडा उतरतोय, अंग भरतंय. माझं —

८, शनिवार

राखणदाराला सांगायला गेलो. त्याने माझ्या आरपार बघत फाटक लावलं. लेकीला फोन केला. ती नुसती हॅलो, हॅलो —

९, रविवार

दोन्ही चिमटे घट्ट धरलेत. ओएल.

लेक आली. खालून अप्पा म्हणाली. मी ओ दिली — पुन्हा दिली — ती हाकच मारत —

कुणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात. दारातल्या चपला घालून तो जिना उतरतोय —

ती म्हणतेय, अप्पा, हात किती गार पडलेत तुमचे, चला घरी, एकटं नाही राहायचं आता —

अगं, मी इथे, वर —