खुर्ची आणू नकोस

रवि. ४ जानेवारी
हरलो. ०–३. सलग चौथा. फुटबॉल लीगच्या आठ संघांत आपण आठवे. अजून तीन सामने, आणि तळाला राहिलो तर 'ब' गट. वस्तादांनी 'अ' गटात आणल्यापासून पिवळी जर्सी कधी खाली उतरली नव्हती.

डावा बॅक सारखा वर पळतो, मागं मोकळं रान. तिन्ही गोल तिथूनच. आंधळ्याला दिसेल, आमच्या मॅनेजरला दिसत नाही. संतोष खुर्चीच्या टोकावर बसतो, उठतो, बसतो, उठतो. दूध गॅसवर ठेवल्यासारखा. अरे बाबा, एक तर बस नाहीतर उभा राहा! शेवटी बदली केली ती गोलकीपरची. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

न राहवून ओरडलो, "संत्या, घरी जा!" त्याने वळूनही बघितलं नाही. पन्नाशीचा माणूस, कान लाल झालेले लांबून दिसले.

खुर्ची स्कूटरला बांधून परत आणली. र. म्हणाली, "उस खुर्सी को इत्ता जपते. मेरे को कदी जपे क्या?" उत्तर दिलं नाही. रशिदाला उत्तर दिलं की संध्याकाळ जाते.

सोम. ५
कुपवाडला सकाळपासून वीज नाही. वेल्डिंग बंद. दुकानात बसून काय करायचं, मॅनेजर आठवत बसलो.

माणूस खुर्चीवर कसा बसतो त्यावरून मला तो कळतो. ही खुर्ची मीच केलेली. लोखंडी, घडीची, नवीन नवीन वेल्डिंग शिकलो तेव्हाची. वस्तादांसाठी. तालमीतला माणूस, म्हणून कोच नाही, मॅनेजर नाही, आम्ही वस्तादच म्हणायचो. नोकरी मिरजेला रेल्वेत. कुस्तीत गुडघा गेलेला, तरी पूर्ण सामना उभे. मला बघवेना. खुर्ची नेऊन ठेवली तर म्हणाले, "मला म्हातारा केलास व्हय रं?" पण बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यावर. कधी ओरडले नाहीत. चुकलं की नुसतं नाव घ्यायचे, आणि आपण मेल्याहून मेल्यासारखं. कृष्णेच्या वाळूत अनवाणी पळवायचे, मग गूळ-शेंगदाणे, मोजून नाही, ओंजळीनं. काय दिवस होते. पाय दुखायचे आणि हसू यायचं.

त्यांच्यानंतर बँकवाले साहेब. बसायच्या आधी खुर्चीवर रुमाल अंथरायचे. फळ्यावर बाण काढायचे, पोरं बाणाच्या उलट पळायची. मग हवालदार, खुर्ची उलटी करून घोड्यावर बसल्यासारखे, स्वतःचीच शिट्टी. पंच वैतागून गेला. मग तो कोल्हापूरचा. "आमच्याकडं असं नसतंय." अहो मग तिकडंच राहायचं की! आणि एक पोरगेला, तो बसलाच नाही. खुर्चीवर लॅपटॉप बसायचा.

मधे दोन-तीन आले गेले. त्यांची नावंही आठवत नाहीत.

रवि. ११
०–१. शेवटच्या मिनिटाला. डावी बाजू. आणखी काय लिहू.

मंगळ. १३
नाना दुकानात आले. कमिटीचे अध्यक्ष, हार्डवेअरवाले. इकडचं तिकडचं बोलले, बिजागऱ्या, पाऊसपाणी. जाता जाता म्हणाले, "इलाही, रविवारी खुर्ची आणू नकोस."

समजलं. आमच्यात मॅनेजरला तोंडानं कोणी जा म्हणत नाही. खुर्ची येत नाही. तो येतो, मोकळी जागा बघतो, उमजतो, जातो. ना भांडण ना तमाशा. साहेब रुमाल घडी करत गेले होते. हवालदार खिशातली शिट्टी चाचपत. सगळे म्हणतात, आपली पद्धत सभ्य आहे.

मी लगेच "बरं" म्हणालो. मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू. सुटलो एकदाचे.

बुध. १४
संक्रांत. दुपारी संतोष तिळगूळ घेऊन आला. दरवर्षी येतो. "भाई, गोड बोला." मी दहा दिवसांपूर्वी चारचौघांत घरी जा म्हणून ओरडलेला. तिळगूळ तोंडात फिरायला लागला.

तो बोलत होता माझ्याशी, डोळे कोपऱ्यातल्या खुर्चीवर. त्याला काय पद्धत माहीत नाही? सतराव्या वर्षापासून क्लबात आहे. शेवटी म्हणाला, "भाई, तिचा एक पाय कुरकुरतोय. जमलं तर रविवारच्या आत बघा." मी खाली बघून म्हटलं, "बघतो." म्हणजे काय बघतो? गेला बिचारा. पाठीवरून कळत होतं त्याला सगळं कळलंय.

पाय उलटा करून बघितला. मागचा डावा. माझाच जुना टाका.

गुरु. १५
कामात चित्त नाही. एक गेट वाकडं जोडलं, परत कापलं. आता लिहूनच टाकतो. कुणाला सांगितलं नाही आजवर, र.लाही नाही.

तेहेतीस वर्षांपूर्वी तोच पाय तुटला होता. शनिवारी दुकानात आणला, वीज गेली ती रविवारी दुपारपर्यंत आलीच नाही. म्हटलं, एका सामन्याला खुर्ची नसली म्हणून काय बिघडतंय. तसाच मैदानावर गेलो. बदली खेळाडू होतो तेव्हा, बूट बांधत बसलो.

वस्ताद आले. आम्ही तेव्हा तीन सामने हरलेलो, कमिटीत कुजबुज चाललेली, त्यांच्याही कानावर गेलेली. कडेची मोकळी जागा बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी सांगणारच होतो, पण एक बूट पायात, एक हातात. ते म्हणाले, "बरं." आणि स्टँडच्या बाजूला चालायला लागले. ताठ. मला वाटलं पान खायला चालले.

परत आलेच नाहीत. सामना संपल्यावर जो तो माझ्या पाठीवर थाप मारतोय, "इलाही, झकास केलंस गड्या, एक शब्द न बोलता!" नानांचे वडील अध्यक्ष होते, त्यांनी चहा पाजला. मी चहा प्यालो. तो चहा प्यालो, हेच माझं पाप. 'पाय तुटला होता' एवढे तीन शब्द. आज सांगू, उद्या सांगू. मग बँकवाले साहेब आले, जिंकायला लागलो, आणि पुढं साहेबांना काढायची वेळ आली तेव्हा कमिटी म्हणाली, वस्तादांसारखंच करू. पद्धत पडली. माझ्या तुटक्या टाक्याची पद्धत!

वस्ताद निवृत्त होऊन लोणंदला मुलाकडे राहतात, हे ठाऊक होतं. ठाऊक असून गेलो नाही. लाज वाटते लिहायला.

शुक्र. १६
जुम्मा. नमाजहून आल्यावर र.ला सगळं सांगितलं. लाटणं हातात धरून ऐकत राहिली. म्हटलं, उद्या लोणंदला जातो. जरा वेळानं म्हणाली, "जाओ. और कांदे लाना."

शनि. १७
सकाळची पॅसेंजर. कऱ्हाड, सातारा, वाठार. साताऱ्याला उतरून परत फिरावं असं वाटलं, खरंच वाटलं. लोणंदला कांद्याचा वास स्टेशनपर्यंत.

वस्ताद अंगणात बाजेवर. चौऱ्याऐंशी. केवढा माणूस केवढासा झालाय. दिसतं कमी.

"कोन?"

"इलाही, वस्ताद. सांगलीचा. लेफ्ट बॅक."

"लेफ्ट बॅक व्हय. सारखा वर पळायचास. मागं मोकळं रान!"

हसावं की रडावं कळेना. पायाशी बसलो आणि सांगितलं. एका दमात. खुर्ची, वीज, बूट, चहा. काही झाकलं नाही.

खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मग, "मोडली हुती?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

मान खाली.

"तेहेतीस वर्सं, इलाही. तेहेतीस वर्सं मी म्हनतोय, माज्या पोरांनी मला काढलं." आवाज चढला, सून दारात आली. "मुलाच्या लग्नाला बी बोलावलं न्हाई मी तुमास्नी. कुनाला बी न्हाई."

उठून जावं म्हटलं, उठायलाही लागलो. मग त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला. जड, पूर्वीसारखाच. "माजं बी चुकलं. खुर्ची न्हाई तर उबं ऱ्हायाचं हुतं की. आदी काय उबा ऱ्हात नव्हतो? गर्व आडवा आला. पोरं खेळाया उतरली आन् मी येष्टीत जाऊन बसलो."

थोड्या वेळानं, एकदम हळू, "त्या दिशी काय झालं रं? सामन्याचं?"

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं!

"जिंकलो, वस्ताद. दोन-एक. दुसरा गोल संतोषनं मारला."

"जिकलो व्हय," म्हणाले. टॉवेल डोळ्याला लावला तो काढेचनात. मीही रडलो. साठीचा घोडा, दुसऱ्याच्या अंगणात.

चहा झाल्यावर विचारलं, आता खुर्चीवर कोण. सांगितलं. उद्या काय ठरलंय तेही. भडकलेच. "संत्याला काढायचा आसंल तर काढा. येत नसंल त्येला तर काढायाच पायजे. पर तोंडानं सांगा की! खुर्ची काय सांगती?" मग, "उद्या फोन चालू ठिव. मला ऐकायचाय सामना."

कांदे विसरलो होतो. सुनेनंच पिशवीभर दिले.

रवि. १८
सकाळी दुकान उघडून पाय घट्ट केला. चांगला दुहेरी टाका मारला. खुर्ची घेऊन गेलो.

नाना तडक अंगावर. "सांगितलं काय होतं तुला?" सगळी कमिटी चहाला झाडाखाली होतीच. तिथंच सांगून टाकलं. पद्धत नव्हती नाना, पाय तुटला होता. वस्तादांना कुणीच काढलं नव्हतं. मी चहा पिऊन गप्प बसलो. आता कुणाला काढायचं तर तोंडानं सांगा, मी खुर्ची लपवणार नाही.

एकजण फिसकन हसला, मग कपात बघायला लागला. नाना म्हणाले, "मग साहेबांचं काय? त्यांना आपण उगाच..." साहेब वारले मागच्या वर्षी. नाना तसेच उभे, हातात कप. सगळे एकमेकांकडे बघतात, पण संतोषकडे जायला कुणी तयार नाही. जीभ काय फक्त चहानं भाजून घ्यायला दिलीय देवानं?

संतोष मागं उभा होता, चेंडूंची जाळीची पिशवी खांद्यावर. किती ऐकलं कोण जाणे. खुर्चीजवळ गेला, पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बसला नाही.

मग मीच फोन लावला आणि खुर्चीवर ठेवला, आवाज मोठा करून. "वस्ताद आहेत," म्हटलं. संतोषचा चेहरा! पन्नाशीचा सतराचा झाला.

पहिल्या दहा मिनिटांतच फोनमधून, "इलाही, काय चाललंय? मुका झालास व्हय?" मी सांगत गेलो, डावीकडून आले, उजवीकडं टाकला. मधेच ओरडले, "संत्या! लेफ्ट बॅकला मागं वढ!" संतोषनं ओढला. इतके दिवस मी बोंबलतोय ते नाही ऐकलं.

१–१. जिंकलो नाही. पण महिन्याभरात पहिल्यांदा पोरं पळत मागं येत होती. संतोष पूर्ण वेळ उभा. एकदाही उठबस नाही.

एक गुण मिळाला. तरी आठवेच. पुढच्या रविवारी शेवटचा. जिंकलो तर वाचतो.

बुध. २१
नानांचा फोन. कमिटी बसली होती. ठरलं काही नाही. म्हणे शेवटच्या सामन्याला नवा माणूस आणू, पण संतोषला सांगायचं कुणी? "तूच सांग. पद्धत तू मोडलीस." मी फोन ठेवला त्यांच्या तोंडावर. मग वाटलं, बोलतात ते अगदीच खोटं नाही.

र. म्हणते, "अच्छा है क्या वो? सच बोलो." विचार केला. माणूस सोन्यासारखा. मॅनेजर? वस्तादांनी सांगितलं म्हणून बॅक मागं गेला. त्याला स्वतःला दिसलं नव्हतं. आता फोनवर वस्ताद किती दिवस...

शनि. २४
दुपारी शटर अर्धं ओढून जेवायला निघालो तर संतोष. पिशवी नाही, तिळगूळ नाही. हातात काहीच नाही.

म्हणाला, "भाई, त्या दिवशीचा गोल आठवतो तुमाला?" म्हटलं, आठवतो, उजव्या कोपऱ्यातून. "गोल मारला आणि वस्तादांना दाखवायला कडेला पळालो. तिथं कुणीच नव्हतं. मला वाटायचं, माझ्यावर चिडून गेले. आदल्या दिवशी सरावाला दांडी मारली होती मी." जरा थांबून, "तेहेतीस वर्षं वाटतंय तसं."

या अल्ला. त्याला पण. मी फक्त वस्तादांचं मोजत बसलो होतो. "माफ कर," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानं मान हलवली. मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून, "कमिटी काय सांगत नाही. नाना रस्ता बदलतात. तुमी सांगा. तोंडानं. उद्या मी उभा राहू का दुसऱ्याला राहू दे? तुमी म्हणाल ते."

म्हटलं, बस, सांगतो. बसायला दुकानात ती एकच. तो म्हणे तुमी बसा, मी म्हणे तू बस. कुणीच बसेना. चहा मागवला, तो उभ्यानंच प्यालो. नीट प्यालो, शेवटच्या घोटापर्यंत, कारण आता परत चहा पिऊन गप्प बसायचं नव्हतं.

कप खाली ठेवला. खुर्ची घडी करून भिंतीला लावली, मधे नको म्हणून. आणि बोलायला लागलो, तो डावा बॅक त्याला स्वतःला दिसला नव्हता, तिथपासून.