झोप मोजणारं घड्याळ

पुणे

आईले रुपेशचा जय भीम.

मी बरा आहो. तुह्ये गुडघे कसे आहेत?

गोदामात आमाले झोप मोजणारं घड्याळ देलं. "तुमच्याच तब्येतीसाठी," साहेब म्हणाले. मागच्या हप्त्यात माह्या हातून दोन पार्सलं चुकीच्या गावाले गेली, तर म्हणे, "काल चारच तास झोपलास ना?" मी कोणालेच सांगितलं नव्हतं!

मंग मी घड्याळ त्यायच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "साहेब, डबल ड्युटी कोण लावते, तेही मोजा."

तवापासून माही डबल ड्युटी बंद आहे. मेहरबानी आहे का काढून टाकाची तयारी, समजून नाई राह्यलं. पण तीन दिवस पोटभर झोपलो. बाबाले एवढंच सांगजो, बाकीचं नको.

तुहा रुपेश