श्वासाची जागा

९ नोव्हेंबर

लाडक्या छकुलीस,

बाबाचे खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. थंडीमुळे आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई माझ्यावर कुरकुरते, म्हणजे सगळं ठीक आहे. पियानोचं पेडल पुन्हा अडकायला लागलंय. खालचे शिंपीकाका तुझी चौकशी करत होते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. पत्र मध्येच बंद करता येत नाही, फाडावं लागतं. आणि तू ते फाडणार नाहीस.

शनिवारी माझी नवी रचना वाजली. सभागृह भरलं होतं, शेवटी लोक उभे राहिले. नाचाच्या वर्गांत पियानो बडवून पोट भरणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? तरी मी मागच्या दाराने निघून आलो. ते का, हे सांगायला बसलोय आणि पेडलच्या गोष्टी सांगतोय.

दादा गेल्यावर घर सोडताना तू म्हणाली होतीस, "आता त्याचंही संगीत करू नका." मी केलं. छकुले, मला दुसरं काही येत नाही.

लहानपणी दादा क्लॅरिनेट वाजवताना दम्यामुळे ओळीच्या मध्येच श्वास घ्यायचा, तोही घरभर ऐकू जाईल असा. आधी मी रागवायचो. मग हात टेकले, आणि त्याच्यासाठी लिहिताना तिथे जागाच सोडायला लागलो. पुढे तो वाद्यवृंदात लागला, तेव्हा समीक्षकांनी त्या थांबण्याला माझी खास शैली ठरवून टाकलं. ते वाचून आम्ही बापलेक पोट धरून हसलो होतो.

या रचनेतही ती जागा आपोआप सुटत गेली. पण त्याच्या खुर्चीवर आता एक मुलगी बसते. तुझ्याच वयाची, फार छान वाजवते. ती तिथे थांबायची, पण श्वास ऐकू यायचा नाही. तालमीत मी तिला म्हटलं, इथे श्वास घ्या, ऐकू येईल असा घ्या. तिने घेतला. हुबेहूब तसाच. मागच्या रांगेतल्या ढोलवाल्या काकांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि खाली बघत राहिले.

चहाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, तुम्ही सांगाल तसं वाजवीन. पण मग खुर्चीवर मी नसेन, तो असेल. मला भीती वाटते."

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "बरोबर बोलली पोरगी. तुम्हाला काय वाटतं, तो श्वास फक्त तुम्हालाच ऐकू येतो?"

हेच तुला सांगायचं टाळत होतो. दादा गेल्यापासून दुपारी त्याच्या खोलीतून तो श्वास ऐकू यायचा. सूर नाही, नुसता श्वास. माझं डोकं फिरलंय असं समजून मी गप्प होतो. मला त्रास नको म्हणून आई गप्प होती. एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांपासून लपून त्याला ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ जोडून टाकली. जागा ठेवलीच नाही. मुलीला म्हटलं, ही ओळ आता तुमची, तुम्हाला हवी तशी वाजवा.

शनिवारी तिने ती एका दमात वाजवली, कुठेही न तुटता. आणि तिचा सूर चालू असतानाच, जिथे पूर्वी जागा होती नेमक्या तिथे, कुणीतरी श्वास घेतला. मी आईकडे पाहिलं नाही. तिची नखं माझ्या हातात रुतली होती.

तेव्हापासून घर गप्प आहे. दुपारी आम्ही त्याच्या दाराशी खुर्च्या टाकून बसतो. चहा निवून जातो. काही ऐकू येत नाही.

त्याला नेलं तेव्हा मी रडलो नाही, याचा तुला राग आहे. बरोबर आहे. पण आमच्यासाठी तो शनिवारी गेला, छकुले. आता रडतोय. तू ये.

तुम्हा दोघांचा,
बाबा